पाण्यावरील हिरवी टिकली : लाभ किती, बोलबाला किती ?

गेल्या कांहीं वर्षांत दुभत्या जनावरांच्या खाद्याची चर्चा निघाली म्हणजे पाण्यावर वाढणाऱ्या वनस्पतींचें नांव हटकून निघतें. अझोला तर पुष्कळांच्या परिचयाचा झाला आहे. त्याच्या पाठोपाठ 'डकवीड' हें दुसरें नांव आतां ऐकूं येऊं लागलें आहे. हें वाढवा, सरकी पेंडीचा खर्च वांचवा, दूध वाढवा, मासे वाढवा, असें सांगणारे पुष्कळ आहेत. बियाणें म्हणून मूठभर हिरव्या टिकल्या विकणारेही पुढें येत आहेत. ज्या गोष्टींत शेतकऱ्याच्या पदरचा पैसा गुंतावयाचा, तिच्या दोन्ही बाजू पाहणें हें अशा मासिकाचें कर्तव्यच होय. म्हणून या वनस्पतीविषयीं शास्त्र काय सांगतें, तिचा खरा उपयोग कोठें होतो, आणि आपल्या जळगांव-धुळें मुलुखांत ती कितपत साधेल, याविषयींचे आमचे विचार वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही वनस्पति कोणती तें पाहूं. नाल्याच्या संथ पाण्यावर, पडक्या विहिरींत किंवा न उपसलेल्या हौदावर बारीक हिरव्या टिकल्यांचा दाट थर पसरलेला आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतों. परंतु हें शेवाळ नव्हे. शेवाळाला फूल नसतें. ही टिकली मात्र फुलणाऱ्या वनस्पतींच्या वर्गांतील असून कुळानें ती आपल्या परसांतील अळूची नातेवाईक आहे. तिच्या स्पायरोडेला, लँडोल्टिया, लेम्ना, वुल्फिएला आणि वुल्फिया अशा पांच जाती-समूहांची शास्त्रज्ञांनीं नोंद केली आहे. खोड निराळें आणि पान निराळें असा भेद तिच्यांत नाहीं. एकच चपटा अवयव पाण्यावर तरंगतो व त्याखालीं केसासारखें मूळ लोंबतें. वुल्फियाला तर मूळही नसतें. तिचा सर्व देह रव्याच्या कणाएवढा, आणि तरीही ती फुलते. जगांतील सर्वांत लहान फुलझाड तें हेंच. बीं पडून उगवण्याची वाट ही वनस्पति सहसा पाहत नाहीं. आईच्या कुशींतील खोबणींतून लेंक बाहेर पडते, ती सुटी होते, आणि तिचीही कूस लगेच भरूं लागते.

या इवल्याशा वनस्पतीवर मोठमोठ्या विद्वानांनीं आयुष्यें वेंचलीं आहेत. झुरिक येथील एलियास लँडोल्ट यांनीं जगभरांतून तिचे नमुने गोळा केले व १९८६-८७ सालीं दोन खंडांत तिचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. वरील पांचांपैकीं एका समूहाला त्यांचेंच नांव मिळालें आहे. आपल्या देशांतही हें काम जुनें आहे. दिल्ली विद्यापीठांतील सतीशचंद्र माहेश्वरी यांनीं १९५४ सालीं वुल्फियाच्या गर्भवाढीवर निबंध लिहिला, आणि पुढें या वनस्पतींना फुलोरा कशानें येतो याचा अनेक वर्षें अभ्यास केला. २०१४ सालीं स्पायरोडेलाच्या संपूर्ण आनुवंशिक मजकुराचें वाचन प्रसिद्ध झालें. तिच्यांतील जनुकांची संख्या भातापेक्षां बरीच कमी भरली. पाण्यांत विष आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं लेम्नाची वाढ मोजून पाहण्याची एक प्रमाणित पद्धति २००६ सालापासून देशोदेशींच्या प्रयोगशाळांत रूढ आहे. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे.

आतां उपयोगाकडे वळूं. थायलंड व लाओस येथील लोक वुल्फिया धुऊन भाजीसारखी खातात, तेव्हां ती खाण्याजोगी आहे यांत संशय नाहीं. बांगला देशांत टांगाईल जिल्ह्यांतील मिर्झापूर येथें कुमुदिनी रुग्णालयाचें सांडपाणी नागमोडी तळ्यांतून खेळवून त्यावर डकवीड वाढविण्याचें व तें माशांना घालण्याचें काम १९९० च्या सुमारास प्रिझम नांवाच्या संस्थेनें चालविलें. त्या अनुभवावरून १९९३ सालीं जागतिक बँकेनें एक पुस्तक काढलें, आणि तेव्हांपासून या टिकलीचा बोलबाला विशेष झाला. आपल्याकडे भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यांतील मत्स्यपालन संस्थेनें अशीच योजना बसविली. तिची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. रोजच्या दहा लक्ष लिटर सांडपाण्यासाठीं प्रत्येकीं २५ मीटर लांब, ८ मीटर रुंद व १ मीटर खोल अशीं डकवीडचीं १८ तळीं. तेथें निवळलेलें पाणी पुढें दोन मत्स्यतळ्यांत. आणि विकण्यापूर्वीं मासे ठेवण्यासाठीं आणखी दोन तळीं. म्हणजे केवळ डकवीडखालीं ३६०० चौरस मीटर, आपल्या हिशेबानें सुमारें ३६ गुंठे जागा. पाण्यांतील नत्र व स्फुरद ही टिकली शोषून घेते, तिचा थर पाण्यावर सांवली धरतो म्हणून शेवाळ मातत नाहीं, आणि घाण पाणी सुसह्य होऊन बाहेर पडतें. या साऱ्या गोष्टी सिद्ध झालेल्या आहेत व त्यांविषयीं आमची तक्रार नाहीं.

तक्रार आहे ती हिशेबाची. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें कोणी मोठा आंकडा सांगितला कीं त्याच्याखालची बेरीज पाहिल्याशिवाय आमच्यानें राहवत नाहीं. विक्रेते सांगतात कीं ही वनस्पति दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. अनुकूल स्थितींत तें खरेंही आहे. मग तीन दिवसांचा हिशेब धरून एक चौरस मीटर टिकलीचे ३६ दिवसांत ४०९६ चौरस मीटर, म्हणजे एकरभर पीक झालें पाहिजे. कागदावर तें होतें. तळ्यावर होत नाहीं. दाटी झाली कीं वाढ मंदावते, पाण्यांतील नत्र संपलें कीं टिकल्या पिवळ्या पडून मुळ्या लांबवितात, वारा सुटला कीं सारा थर एका कांठाला ढकलला जातो, आणि मावा पडला तर थराला भोंकें पडतात. म्हणून अनुभवी लोक दर चौरस मीटरला सुमारें ६०० ग्रॅम ओला थर राखतात, वरचा वाढावा वरचेवर काढतात, आणि वाऱ्याला अडविण्यासाठीं पाण्यावर बांबूचे चौकोन तरंगत ठेवतात.

दुसरा मोठा आंकडा प्रथिनांचा. 'चाळीस टक्के प्रथिनें' असें जें छापतात, तें पूर्ण वाळलेल्या मालाचें, आणि तेंही पाण्यांत भरपूर नत्र असेल तेव्हांचें. भुकेल्या पाण्यावर तोच आंकडा पंधरा-वीसांवर येतो. ताज्या टिकलींत शंभरांतले ९४-९५ भाग पाणीच असतें. हा भेद न सांगतां केलेली विक्री आम्ही सचोटीची मानीत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील पशुआहारतज्ज्ञ रॉन लेंग यांनीं वर्षाला हेक्टरीं १० ते २० टन सुका माल हें व्यवहारांत साधण्यासारखें उत्पन्न मानलें आहे. त्यांतील खालचा आंकडा घेऊं. १० टनांप्रमाणें एका गुंठ्याच्या तळ्यांतून वर्षाला १०० किलो सुका माल, म्हणजे रोजचा पाव किलोहून किंचित् अधिक. ओला म्हटला तर पांच किलो. प्रथिनें तिसाव्या टक्क्यानें धरलीं तर रोज सुमारें ८० ग्रॅम. इतकीं प्रथिनें पावणेचारशें ग्रॅम सरकी पेंडींतून मिळतात. पेंडीचा आजचा भाव ज्यानें त्यानें या वजनाला लावून पाहावा, त्यांतून खणतीचा, प्लॅस्टिकचा आणि रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या मजुरीचा खर्च वजा करावा, आणि मग बाकी काय राहते तें स्वतःच्या मनाशीं म्हणावें.

आपल्या जुन्या लसूणघासाशीं तुलना केली तर गोष्ट अधिक स्पष्ट होईल. चांगल्या जमिनींत लसूणघास वर्षाला हेक्टरीं ८० ते १०० टन हिरवा चारा देतें. त्यांत एक-पंचमांश सुका भाग व सुक्या भागांत १९ टक्क्यांच्या आसपास प्रथिनें धरलीं, तर गुंठ्याला वर्षाकाठीं ३० ते ३८ किलो प्रथिनें पडतात. डकवीडचीं आपल्या वरील हिशेबानें ३० किलो. फारच उत्तम देखभाल झाली तर त्याच्या दुप्पट. तात्पर्य, चांगली जमीन आणि विहिरीचें गोडें पाणी हाताशीं असतां लसूणघास मोडून तेथें टिकलीचें तळें करणें हा शहाणपणा नव्हे.

त्यांत आपल्या हवेचा विचार वेगळाच आहे. या वनस्पतीला २० ते ३० अंश उष्णता मानवते. ३५ अंशांच्या पुढें तिची वाढ झपाट्यानें खालावते. जळगांव-भुसावळकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, हें कोणाला सांगावयास नको. म्हणजे आषाढापासून माघापर्यंत तिचे दिवस बरे; फाल्गुनापासून पुढें सांवली केल्याविना ती टिकणें कठीण. बारमाही उत्पन्नाची जी जाहिरात होते ती बंगालच्या किंवा केरळच्या हवेची असेल, तापीकांठची नव्हे. शिवाय पाणी उडून जातें तें वेगळेंच. चैत्र-वैशाखांत आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी वाफेनें रोज १० मिलिमीटर व त्याहून अधिक उतरते. एका गुंठ्याच्या तळ्यांतून १० मिलिमीटर म्हणजे रोजचें हजार लिटर पाणी झालें. हिरव्या थरानें तें थोडें वांचतें असें मानलें, तरी ज्या गांवांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते तेथें पिण्याजोगें पाणी या कामीं घालणें आम्हांला पाप वाटतें.

आणखी एक धोक्याची सूचना केळी व कापूस पिकविणाऱ्या बंधूंसाठीं. यावल, रावेर, चोपडा भागांत ठिबकाशिवाय आतां पान हलत नाहीं, आणि शेततळ्यांची संख्याही वाढली आहे. शेततळें रिकामेंच आहे तर त्यावर टिकली सोडूं, असा मोह कोणास झाल्यास त्यानें तो आवरावा. ही टिकली फुटव्हॉल्व्हला गुरफटते, जाळीच्या फिल्टरांत अडकते, आणि तिचे कुजलेले कण नळ्यांचीं बारीक छिद्रें बुजवितात. ज्या तळ्याचें पाणी ठिबकाला जातें त्यावर तिला पाय ठेवूं देऊं नये. पाटाला किंवा नदीला मिळणाऱ्या तळ्यांतूनही ती वाहून जाणार नाहीं अशी जाळी तोंडाशीं बसवावी. जलपर्णी ही शोभेची म्हणून आली आणि नद्यांच्या उरावर बसली, हें उदाहरण आपल्यापुढें आहेच.

इतकें वाचून वाचकांस वाटेल कीं आम्ही या वनस्पतीचे शत्रु आहों. तसें मुळींच नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं तिला तिच्या जागीं बसवावें. ती जागा कोणती हें अझोल्याशीं ताडून पाहिलें असतां चटकन् कळतें. अझोला हा नेच्याच्या जातीचा असून त्याच्या पानांत राहणारें निळें-हिरवें शेवाळ हवेंतील नत्र धरून देतें. म्हणून थोडें शेण व सुपर फॉस्फेट मिळालें कीं तो स्वच्छ पाण्यावरही पोसतो. डकवीडला ही सोय नाहीं. तिला नत्र पाण्यांतूनच मिळालें पाहिजे. यास्तव स्वच्छ पाणी असेल तेथें अझोला, आणि पाणी घाण पण निर्विष असेल तेथें डकवीड, असा साधा नियम समजावा. गोठा धुतलेलें पाणी, गोबरगॅसची पातळ केलेली स्लरी, आणि गांवचें सांडपाणी हींच तिचीं खरीं शेतें. जें पाणी आज डांसांच्या पैदाशीखेरीज कोणत्याच कामीं येत नाहीं, त्यांतून पाव किलो सुका माल निघाला तरी तो नफाच होय.

गांवच्या सांडपाण्याचा प्रश्न किती मोठा आहे हें पाहण्यासाठीं दोन हजार वस्तीचें एक गांव घ्या. नळयोजनेनें माणशीं ५५ लिटर पाणी घरांत आलें, तर त्यांतील चार-पंचमांश, म्हणजे रोज ८८ हजार लिटर, मोरींतून बाहेर पडतें. पूर्वीं बायका विहिरीवरून डोक्यावर पाणी आणीत, तेव्हां मोरी कोरडी असे. आतां नळ घरांत आला, पण गटाराच्या शेवटाचा विचार राहून गेला. तें पाणी गांवाबाहेर डबकें करून बसतें किंवा नाल्यानें जाऊन खालच्या गांवच्या विहिरी नासवितें. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यांत गांवच्या सांडपाण्याची व्यवस्था हा विषय सरकारनेंही हातीं घेतला. कौसल्यागंगेच्या मापानें ८८ हजार लिटरांस सव्वातीन गुंठ्यांचीं तळीं लागतील. गाळ बसण्याची जागा व माशांचें तळें धरून पांच-सहा गुंठे. एवढी पडीत जागा कोणत्या गांवाजवळ नाहीं ? त्यांतून रोज पंधरा-सोळा किलो टिकली निघेल. ती गवत्या माशाला घालावी. तो ती आवडीनें खातो. उत्पन्न थोडें, पण नाला स्वच्छ झाला ही मोठी मिळकत. तिची किंमत ज्यांच्या विहिरी खालच्या अंगाला आहेत त्यांनाच विचारावी.

येथें एक महसुली सूचना करणें आमचें काम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० अन्वयें जे नाले, तळीं व वाहतें पाणी कोणा खासगी माणसाच्या मालकीचें नाहीं, तें सरकारचें असतें. तेव्हां नाला अडवून किंवा त्याच्या पात्रांत खोदून उत्साहानें काम करूं नये; जागेची मोजणी, ग्रामसभेचा ठराव व तहसील कचेरीची लेखी परवानगी हीं तीन पावलें आधीं टाकावीं. नाहीं तर टिकली वाढण्याआधीं तंटे वाढतील.

धोक्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. पाण्यांतील विषाची परीक्षा या वनस्पतीवरून करतात, असें आम्हीं आरंभीं सांगितलें. त्याच पाण्यांतील कॅडमियम, शिसें यांसारख्या जड धातू ती आपल्या देहांत सांठवूनही ठेवते. पाणी निवळण्याच्या दृष्टीनें हा तिचा गुण. खाद्याच्या दृष्टीनें हाच तिचा दोष. म्हणून ज्या नाल्यांत कारखान्याचें, रंगाचें अथवा मुलामा देण्याच्या भट्टीचें पाणी मिसळतें, त्यावरील टिकली गाईला नाहीं, कोंबडीला नाहीं, माशाला नाहीं, आणि खताच्या उकिरड्यालाही नाहीं. गांवच्या नुसत्या सांडपाण्यावरील टिकलींत धातूंची भीति कमी. परंतु शौचकूपाचें पाणी मिसळलें असल्यास जंतांची अंडीं व रोगजंतू असतात. ती दुभत्या जनावराला थेट घालूं नये. घाणीवर वाढलेलें गाईच्या तोंडीं कसें द्यावें, असें घरांतील वडील माणसें म्हणतात, त्यांना आम्ही अडाणी म्हणणार नाहीं. त्यांच्या शंकेंत अर्थ आहे, आणि तिचें उत्तर प्रयोगशाळेच्या कागदानेंच दिलें पाहिजे, तोंडानें नव्हे.

आतां प्रश्न राहिला तो सांभाळण्याचा. रोज थर काढणें, जाळी झाडणें, गाळ उपसणें हें काम एखाद्या दिवसाच्या श्रमदानानें होत नाहीं. पण आपल्या खानदेशाला हें शिकविण्यास परदेशांतून कोणी यावयास नको. पांझरेच्या कांठीं फडपद्धतीनें शेंकडों वर्षें बंधाऱ्याचें पाणी वांटलें गेलें. फडाचे पंच असत, पाणी सोडणारा पाटकरी असे, राखणीला जागल्या असे, आणि त्यांचा मेहनताना सर्वांनीं मिळून द्यावयाचा असे. पाटाची सफाईही सर्वांनीं मिळूनच व्हावयाची. फड टिकला तो दगडाच्या बळावर नव्हे, तर ठरलेल्या माणसाच्या ठरलेल्या कामावर. गांवच्या सांडपाण्याच्या तळ्याला असाच एक पाटकरी नेमून त्याचा पगार आधीं ठरविला, तरच तळें खोदावें. पगाराची तरतूद नसेल तर खोदूं नये. नुसतें डबकें आपल्याजवळ आहेच.

शेवटीं आपल्या संघास आमची विनंति अशी कीं, सभासदांना या वनस्पतीचें बियाणें विकण्याची घाई त्यानें करूं नये, पण तिच्याकडे पाठही फिरवूं नये. जुलैपासून पुढील जूनपर्यंत एक वर्षाचा प्रयोग हातीं घ्यावा. अर्ध्या गुंठ्याचीं तीन तळीं करावीं : एक गोठ्याच्या पाण्यावर, एक गांवच्या सांडपाण्यावर, आणि तुलनेसाठीं एक अझोल्याचें. धुळ्याचें कृषि महाविद्यालय व राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ यांच्याकडे लेखी मागणी करून त्यांच्या देखरेखीखालीं हें काम व्हावें. प्रत्येक तळ्याची स्वतंत्र वही असावी. तींत रोज काढलेलें ओलें वजन, आठवड्यांतून एकदां वाळवून घेतलेलें वजन, घातलेलें पाणी, दुपारची उष्णता आणि लागलेली मजुरी एवढे पांचच रकाने असावे. तिमाहीला एक नमुना प्रथिनें, जड धातू व जंत यांसाठीं तपासावा, आणि तो निर्दोष ठरेपर्यंत कोणत्याही जनावराच्या दावणींत टिकली पडूं नये. वर्ष संपलें कीं जमा आणि खर्च, जसा असेल तसा, या मासिकांत छापावा; तोटा आला तर तोही छापावा. दहा जणांचें नुकसान टाळणारा एक तोट्याचा ताळेबंद आम्ही शंभर स्तुतिपर लेखांहून मोलाचा समजतों.

कोणी म्हणेल, वर्षभर थांबण्यांत संधि जाईल. ही टिकली आपल्या नाल्यांत आपल्या पणजोबांच्या आधींपासून आहे. ती एका वर्षांत कोठें पळून जात नाहीं. पळतो तो विक्रेता, आणि त्याच्याबरोबर शेतकऱ्याचा पैसा. तो पैसा राखून, घाण पाण्याला कामाला लावण्याची ही विद्या आपल्या मापानें व आपल्या हवेंत तपासून घ्यावी, असें आमचें शेतकरी बंधूंस आग्रहाचें सांगणें आहे.